उरलेली सुई

आमच्या लोधीपुऱ्याच्या गल्लीत कुणासाठी पेनिसिलिनची कुपी उघडली, की ती बातमी दुपारच्या आत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचलेली असे. कुपी म्हणजे रबरी बुचाची काचेची बाटली, तळाशी पांढरी भुकटी. कंपाउंडरकाका सुईनं बुचातून आत पाणी सोडत, बाटली दोन्ही तळहातांत घोळवत आणि भुकटी विरघळली की सांगत, "आता हे आजच्या आज संपलं पाहिजे हं." रोग्याला एका वेळी लागे त्यातलं थोडंसंच. औषध गार ठेवायचं यंत्र गल्लीत कुणाकडे नव्हतं. मग उरलेलं फेकायचं? शिळ्या भाकरीचा कुस्करा करून खाणारी आणि फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणारी माणसं आम्ही. ज्याला गळू झालं असेल, ज्याचा घसा धरला असेल, ज्याच्या पोराचा गुडघा चिघळला असेल, तो बाही वर सारून कंपाउंडरकाकांच्या दारात उभा राही. याला आमच्याकडे 'उरली सुई' म्हणत. ती घेण्यात कमीपणा नव्हता. ज्याची कुपी त्याला उलट बरं वाटे, आपल्या दुखण्यात आणखी चौघांचं भागलं म्हणून.

एक सुई घ्यायची, फार तर दोन-तीन दिवसांनी आणखी कुणाची कुपी उघडली तर दुसरी. गळू बसलं की विषय संपला. हे औषध ठरलेले दिवस रोज घ्यायचं असतं, हे कंपाउंडरकाकांना माहीत होतं. ते सांगतही. पण ठणठणीत झालेल्या माणसाला पुन्हा टोचून घ्यायला कोण येतो? गल्लीपुढे त्यांचं काही चालत नसे. भला माणूस होता. मी त्यांच्या डोक्यावर खापर फोडणार नाही, कारण फोडायचंच झालं तर त्याला जवळची डोकी बरीच आहेत.

मला गळवं फार होत. मानेवर, काखेत, दंडावर. उन्हाळा आला की एक बसतंय तोवर दुसरं वर येई. आणि आईला माझ्या अंगावरची साधी पुटकुळीसुद्धा खपत नसे. माझ्या आधीची तिची दोन मुलं तापानं गेली होती, दोन्ही तीन वर्षांच्या आतली. तेव्हा ही औषधं गावात आलेली नव्हती. मी तिसरी आणि शेवटची. कुणाची कुपी उघडल्याचं कानावर आलं की ती माझा दंड धरून मला ओढत न्यायची. "काकाजी, हिले बी टोचून द्या. उरलं ना?" मी कुरकुरले तर पाठीत धपाटा. परत येताना हमखास म्हणायची, "ही सुई तवा असती तं..." ते वाक्य तिनं कधी पुरं केलं नाही.

छप्पन साली राज्यांच्या सीमा बदलून नवं राज्य झालं, त्या हिवाळ्यात आई आजारी पडली. बाबा मराठी शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या शाळेत तेव्हा दुसरं बोलणंच नव्हतं: नागपूर आता आपलं राहिलं नाही, कागद भोपाळला जाणार, तेही हिंदीत, कोण मुंबई राज्याच्या बाजूला बदली मागतोय, कोण इथेच राहतोय. बाबा राहणाऱ्यांतले. "गणिताला कुठलं आलंय राज्य," म्हणायचे. घरी तावातावानं बोलणारी माणसं यायची, चहा व्हायचा, आणि या गडबडीत आई उजवा हात खांद्याच्या वर नेत नाही हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मला ते कळलं ते वलणीवर लुगडं टाकताना. ती डाव्या हातानं काठी धरून लुगडं वर ढकलत होती आणि उजवा हात पोटाशी धरला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई वो. दुधाची गाठ हाये, जाईल."

मी अठरा वर्षांची होते. म्हटलं, "अठरा वर्षांनी दूध उतरलं का माय?" ती हसली, आणि मग हसता हसता खाली बसली. गाठ लिंबाएवढी झाली होती. दिवाळीच्या आधीपासून तिला माहीत होतं. पुरुष डॉक्टरला दाखवावी लागेल म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबांनी तिला मुंबईला नेलं. मी बरोबर गेले. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात तिचं ऑपरेशन झालं, उजवी बाजू पार काढून टाकली, काखेपर्यंत. तीन आठवडे आम्ही तिथे होतो. बाबा आठवड्यानं शाळेसाठी परतले आणि मी आईपाशी राहिले. तिथल्या एका दटावणाऱ्या नर्सनं मला पट्टी करायला शिकवलं: कापड किती वेळ उकळायचं, चिमट्यानं कसं उचलायचं, हात कोपरापर्यंत कसे धुवायचे, जखम आतून बाहेर कशी पुसायची. मी पहिल्याच दिवशी ते न थरथरता केलं. बाजूच्या खाटेवरच्या बाईची सून पदरात तोंड लपवून बाहेर पळाली होती. नर्स म्हणाली, "ही मुलगी बघा." खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला. आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी एखाद्या कामात हुशार म्हटलं होतं.

निघताना मोठ्या डॉक्टरांनी बाबांना पुन्हा बोलावून घेतलं होतं. ते म्हणाले, "अर्धं काम झालंय. आत कुठे काही उरलं असेल तर ते विजेच्या शेकानं, म्हणजे क्ष-किरणांनी, जाळावं लागेल. पण जखम पूर्ण भरल्याशिवाय शेक देता येत नाही. महिना-सव्वा महिन्यात जखम भरेल, भरली की लगेच आणा. तो रोग आपल्यासाठी थांबत नाही." बाबांनी हे वहीत लिहून घेतलं. गाडीत बसल्यावर त्यांनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. आमच्या घरात पुढचे चार महिने या एकाच गोष्टीवर चालले: जखम भरायची आणि मुंबई गाठायची.

होळी झाली आणि आम्ही घरी आलो. मी घराचा ताबा घेतला. माजघरातल्या खाटेभोवती कुणी चपला घालून यायचं नाही, समाचाराला येणाऱ्यांनी ओट्यावर बसायचं, जखमेला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या, "मी करते ना आज पट्टी, तू जरा झोप." मी त्यांना असं काही उत्तर दिलं की त्या चार दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत. आई म्हणायची, "किती वो कडक तू. सासरी कशी नांदशील?" पण तिला ते आवडत होतं हे मला दिसे. पट्टी सोडताना ती माझ्या तोंडाकडे बघत राही. जखम कशी दिसते हे तिनं स्वतः कधी पाहिलं नाही. माझा चेहरा पाहून ती समजून घ्यायची. म्हणून मी चेहऱ्यावरची रेष हलू देत नसे.

दहा-बारा दिवस सगळं नीट चाललं. मग काखेकडचं टोक ओलं राहू लागलं. मग तिथे टाका होता ती जागा उघडली आणि पू आला. दाट, पिवळा. आईला ताप भरला. कंपाउंडरकाका आले, त्यांनी पाहिलं आणि कुपी उघडली. रोज एक सुई, पाच दिवस, असं ते बजावून गेले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आईनं चौथी सुई घेतली नाही. "माझा ताप गेला, आता कायले? हिच्या काखेत बघा काकाजी, केवढं आलंय. हिले द्या." माझ्या काखेत खरंच गळू होतं, मुंबईला जायच्या आधीपासून होतं. त्याला तीन उरल्या सुया झाल्या होत्या तरी ते बसत नव्हतं, नुसतं कमीजास्त होत होतं. मी बाही वर केली. आईचं ऐकायचं म्हणून केली, आणि हात ठणकत होता म्हणूनही केली.

आठवड्यानं आईला पुन्हा ताप. पुन्हा कुपी. या वेळी तिनं पाचही सुया घेतल्या, मी घ्यायला लावल्या; पण ताप हटेना आणि पू थांबेना. मी दिवसातून दोनदा पट्टी बदलू लागले, मग तीनदा. चैत्र-वैशाखाचं आमचं ऊन, माजघरात चुलीवर कापड उकळणारं भांडं, घाम डोळ्यांत जाई. तो मी मनगटानं पुसत असे, नाकावरून, ओठांवरून, आणि मग पुन्हा चिमटा धरत असे. हात मात्र न चुकता धुतलेले. मुंबईहून कार्ड आलं: रोगी अद्याप आणला नाही, कारण कळवावे. बाबांनी उत्तर लिहिलं. दुसरं कार्ड आलं. त्याचं उत्तर त्यांनी बरेच दिवस लिहिलं नाही. कार्ड गणिताच्या पुस्तकात घालून ठेवलं.

त्याच सुमारास सरकारी दवाखान्यातले आमचे ओळखीचे डॉक्टर बदली घेऊन अकोल्याकडे गेले आणि त्यांच्या जागी ग्वाल्हेरकडचा एक तरुण डॉक्टर आला. आतापर्यंत ग्वाल्हेर म्हणजे आम्हाला दुसरं राज्य. त्याला मराठी येत नव्हती, आमची तर मुळीच कळत नव्हती. गल्लीत त्याची टिंगल चाले, की पोटात दुखतं म्हटलं तर कान तपासतो. बाबा एका सकाळी मला न विचारता त्याला घरी घेऊन आले. मी तेव्हा पट्टी करत होते.

तो दारातच थांबला. जखमेकडे पाहिलंच नाही आधी. माझ्याकडे पाहत राहिला. मी मनगटानं नाक पुसलं आणि चिमटा उचलला.

"रुकिए," तो म्हणाला. "आपके हाथ में क्या है?"

"चिमटा."

"नहीं, ऊपर. बगल में. आप हाथ उठा नहीं रही हैं."

मला राग आला. रोगी खाटेवर आहे आणि हा माझी काख बघतोय! पण बाबा म्हणाले, "दाखव." मी पदराआडून दाखवली. त्यानं किती दिवसांपासून, आधी कधी, काय औषध, असं विचारलं. आईनंच उत्साहानं उत्तर दिलं, की हिला लहानपणापासून होतात, पण मी लगेच सुई देववते, गल्लीत कुणाचीही उघडली तरी हिला देववते. तिचं अर्धं मराठी, अर्धं हिंदी त्याला या वेळी नेमकं कळलं. त्यानं पिशवीतून कापसाचे बोळे लावलेल्या काड्या काढल्या, बंद नळ्यांतल्या. एक आईच्या जखमेत फिरवली. एक माझ्या गळवाला लावली. तिसरी माझ्या नाकात घातली, तेव्हा मला शिंक आली आणि आई हसली. नळ्यांवर त्यानं अक्षरं लिहिली आणि बाबांना सांगितलं, की आज रात्रीच्या गाडीनं खंडव्यावरून इंदूरला जा, तिथल्या कॉलेजातला त्याचा मित्र या तपासून देईल. पूर्वी असं काही लागलं तर नागपूरला लिहावं लागे आणि उत्तर येईतो माणूस एक तर बरा होई नाही तर जाई.

बाबा चार दिवसांनी आले. आईशी दोन शब्द बोलून ते मला शाळेत घेऊन गेले. सुट्टी होती, वर्ग मोकळा होता. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर तीन मोठी वर्तुळं काढली, कंपास न वापरता, तशी त्यांना येत असत. म्हणाले, "या तीन ताटल्या. प्रत्येकीत जंतू वाढवले. वर औषधं लावलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवल्या. औषध चालत असेल तर टिकलीभोवती जागा साफ राहते." मग त्यांनी प्रत्येक वर्तुळात छोट्या टिकल्या काढल्या आणि पेनिसिलिनच्या टिकलीभोवती सगळीकडे खडू फासला, तिन्ही वर्तुळांत, टिकलीच्या काठापर्यंत. "तिन्ही सारख्या," ते म्हणाले. "तुझं नाक, तुझं गळू, तिची जखम."

मी म्हटलं, "म्हणजे?"

गणिताच्या मास्तरांना 'म्हणजे' विचारलेलं आवडत असे. त्या दिवशी ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

संध्याकाळी नव्या डॉक्टरनं मला नीट समजावलं. त्याचा स्वर दटावणीचा नव्हता, याचा मला जास्त त्रास झाला. "हर बार एक सुई, दो सुई. जो कीड़े कमज़ोर थे, मर गए. जो तगड़े थे, बच गए, और उन्हीं का घर बसा. सालों से आपकी नाक में बैठे हैं. आपको तो फोड़ा ही देते हैं, माँ के घाव में इन्हें पूरा खेत मिल गया." मग म्हणाला, "यह भी हो सकता है कि बंबई के अस्पताल से आए हों, आप दोनों को वहीं लगे हों. पक्का कोई नहीं कह सकता." तो सज्जन होता, म्हणून असं म्हणाला. पण माझ्या काखेतलं गळू मुंबईच्या आधीचं होतं आणि तीन सुयांना त्यानं दाद दिली नव्हती. हे मी त्याला सांगितलं.

मुंबईहून नव्या गोळ्या मागवायच्या ठरल्या, पेनिसिलिनपेक्षा वेगळ्या. मला नाकात लावायला मलम, अंगाला कार्बोलिक साबण, कपडे रोज उकळायचे. आणि मी आईच्या जखमेपाशी जायचं नाही. शक्यतो खाटेपाशीही नाही.

"पट्टी कोण करणार?" मी विचारलं. काकूंचं नाव माझ्या तोंडावर आलं आणि त्यांना मी काय बोलले होते तेही आठवलं.

बाबा म्हणाले, "मी करीन. मला शिकव."

त्यांनी मला ओट्यावर बसवून सगळं शिकून घेतलं, एका उशीवर. चिमटा कसा धरायचा, घडी कशी घालायची. मग म्हणाले, "एक ऐक. तिला यातलं काही कळता कामा नये. सुया तुला तिनं टोचवल्या. दोन मुलं हातची गेली म्हणून टोचवल्या. हे जर तिला कळलं तर जखम भरली तरी ती बरी व्हायची नाही."

"मग मी एकदम पट्टी का सोडली म्हणून सांगायचं?"

ते बराच वेळ पायातली वहाण काढघाल करत राहिले. "सांगू की तुला आता पाहवत नाही. किळस येते. तुझं वय आहे, कुणी मनावर घेणार नाही."

मला इतका संताप आला की मी उठून परसात गेले. दोन महिने मी पू पुसला होता आणि एकदाही नाक मुरडलं नव्हतं. माझ्यापाशी मिरवायला तेवढं एकच होतं, आणि नेमकं तेच काढून द्यायचं! बाबांना म्हटलं, दुसरं काहीही सांगा. ते म्हणाले, "दुसरं काही सांगितलं तर तिला पटणार नाही. पट्टीसाठी तू आईलासुद्धा दटावतेस. तू सोडलीस यावर तिचा विश्वास बसेल असं हे एकच आहे." गणिती माणूस. उत्तर बरोबर होतं.

पहिल्या दिवशी बाबांनी घड्याळ समोर ठेवून दोन मिनिटं हात धुतले, वर्गात पाढे म्हणवतात तसं मोठ्यानं मोजत. मी दाराबाहेर उभी होते. त्यांनी कधी आईचा हातही धरलेला मी पाहिला नव्हता. आईनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही काहून? पोरगी कुठं गेली?"

"तिला पाहवत नाही," बाबा म्हणाले. "रोज ओकारी येते तिला. सांगायची लाजत होती."

मग पदराआडून आईचा आवाज आला, "मले सांगायचं ना तिनं." नंतर दुखलं म्हणून बाबांवर ओरडली, कारण त्यांनी घडी उलटी घातली होती. मी दाराबाहेरून सांगितलं, "उजवीकडून घाला." आई म्हणाली, "तू जा वो, तुले मळमळंल."

गोळ्यांनी काम केलं. पंधरा दिवसांत पू आटला, ताप गेला. जखमेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या असं बाबा सांगत. मला ते पाहायचं नव्हतं, म्हणजे पाहायची परवानगी नव्हती. आईला मात्र बरं वाटू लागल्यावर बोलायला लोक हवे होते. समाचाराला येणाऱ्या बायकांना ती कौतुकानं सांगायची, "मालकच करून राहिले सगळं. पोरगी भली हाये, पण नाजूक जिवाची. तिच्यानं पाहवत नाई." हे जसोंडीला तिच्या माहेरापर्यंत गेलं. तिथून माझ्यासाठी आलेलं एक स्थळ, मुलाची आई अंथरुणाला खिळलेली होती, पुढे काही बोललंच नाही. त्याचं मला दुःख नाही. पण आई माझ्याशी बोलताना जरा जपून बोलू लागली, पाहुण्यांच्या मुलीशी बोलावं तसं, त्याचं होतं. अंगावरचं लुगडं मी येताच सारखं करायची. जखमेवरची पट्टी मला दिसू नये म्हणून.

कंपाउंडरकाकांना बाबांनी एकट्यात सगळं सांगितलं. ते ऐकून दवाखान्याच्या पायरीवर बसले म्हणे. त्यानंतर ज्याची कुपी त्यालाच सुई, आणि उरलेलं औषध ते सगळ्यांदेखत मोरीत ओतत. गल्ली त्यांना माजलेला म्हणू लागली. त्यांनी कारण कुणाला सांगितलं नाही.

आषाढ निम्मा सरला तेव्हा जखम पूर्ण भरली आणि आम्ही मुंबईला गेलो. मोठ्या डॉक्टरांनी कागदावरची ऑपरेशनची तारीख पाहिली, आईचा खांदा पाहिला आणि शेक सुरू करायला लिहून दिलं. बाहेर आल्यावर बाबांनी त्यांना गाठलं. "उशीर झाला का?" डॉक्टर चालता चालता म्हणाले, "लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं." एवढंच. बाबांनी ते वहीत लिहिलं नाही.

आईला पुढे चांगली अडीच वर्षं मिळाली. तिनं माझं मास्तरीणपण पाहिलं, मी मुलींच्या शाळेत लागले. त्या ग्वाल्हेरच्या डॉक्टरनं बदलीवर जायच्या आधी माझं नाक दोनदा तपासून घेतलं, दोन्ही वेळा साफ निघालं. दुसरा कागद हातात देताना म्हणाला, "अब आप किसी के भी पास बैठ सकती हैं." मी तो कागद आईला दाखवू शकले नाही. दाखवून काय सांगणार होते?

तिसऱ्या वर्षी त्याच व्रणात पुन्हा गाठी आल्या. मुंबईत या वेळी कुणी काही करायला सांगितलं नाही. काही महिन्यांत व्रण स्वतःच फुटला. तो पू नव्हता, आणि त्याला गोळी नव्हती. बाबा शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर पट्टी करत. त्यांचा हात आता माझ्याहून सफाईदार झाला होता.

एका दुपारी पट्टी भिजून लुगड्यावर आली. बाबा यायला तासाभराचा अवकाश होता. आई डोळे मिटून पडली होती, पण दुखत होतं हे तिच्या पायाच्या बोटांवरून कळत होतं. मी हात धुतले, उकळलेलं कापड ताटात काढलं, चिमटा घेतला आणि खाटेपाशी गेले. तीन वर्षांनी.

तिनं डोळे उघडले आणि ताट पाहून घाबरीघुबरी झाली. "नको वो बाई. तू नको. ते लई खराब झालंय आता. तुझे बाबा येतील."

"मला किळस नाही येत माय," मी म्हटलं. "कधीच आली नव्हती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पट्टी सोडताना जसं पूर्वी पाहायची तसं. मला वाटलं, आता विचारेल, की मग का सोडलंस? आणि विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्या क्षणी मी सांगितलं असतं.

तिनं विचारलं नाही. डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "माझ्यासाठी म्हणते तू. मले समजते. येते वो कोणाकोणाले किळस, त्यात काय? मी मनात नाई ठेवलं तवा, आता बी नाई. तू उगी जिवाले लावून घेऊ नको." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी ऐकतेय का नाही ते.

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "हो माय. येते मला."

"मंग?" ती म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला. "जा, बाहेर बैस."

मी ओट्यावर जाऊन बसले आणि बाबांची वाट पाहू लागले.